दिला, उचल

चेंडू भोकापासून तीन फुटांवर येऊन थांबतो. मी खाली बसून उतार बघत असतो आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘दिला, उचल!’ गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी गोल्फ खेळताना मी हे ऐकतोय आणि आता मला ते सहन होत नाही. ‘दिला’ म्हणजे तो पट, ग्रीनवरून भोकात घालायचा फटका, न मारताच गेला असं धरायचं. मी तो पट मागितलेला नसतो. मला तो मारायचा असतो.

आमच्या चौकडीतली माणसं चांगली आहेत. ‘दिला’ म्हणण्यात त्यांना मनाचा मोठेपणा वाटतो. पण हिशेब बघा. पार ७२च्या, म्हणजे अठरा होलमध्ये ७२ फटके अपेक्षित असलेल्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, बरोबर निम्मे. भोक सव्वाचार इंचांचं, चेंडू पावणेदोन इंचांच्या आतला. तरी तीन फुटांवरून तो कडेला चाटून बाहेर येतो, कारण ऐन वेळी मनगट आखडतं. ते आखडणं जायचं तर असे शेकडो पट मारावे लागतात, आणि नेमके तेच आमच्या हातून काढून घेतले जातात. मग स्पर्धा येते. मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलगणिक लढतीत, प्रतिस्पर्ध्याला पट देता येतो; स्ट्रोक प्लेमध्ये, जिथे एकूण फटके मोजतात, चेंडू भोकात घालावाच लागतो. मागच्या स्पर्धेत मी पहिल्या चार होलवर तीन फुटांच्या आतले दोन पट घालवले. वर्षभर न मारलेली गोष्ट त्या दिवशी कुठून येणार?

यावर मला नेहमी महान गोल्फपटू जॅक निकलॉसचं उदाहरण ऐकवलं जातं. १९६९च्या रायडर कपमध्ये, रॉयल बर्कडेलवर, त्याने प्रतिस्पर्धी टोनी जॅकलिनला शेवटच्या होलवरचा छोटा पट दिला आणि दोन्ही संघांचा सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. सुंदर गोष्ट आहे, मलाही आवडते. पण ती मॅच प्ले होती, आणि जॅकलिन त्याच वर्षीचा ब्रिटिश ओपन विजेता होता. त्याला पट शिकायचा नव्हता. पुढच्याच वर्षी सेंट अँड्र्यूजला डग सँडर्सकडे ओपन जिंकण्यासाठी अठराव्या ग्रीनवर तीन फुटांच्या आतलाच एक पट उरला होता. तो चुकला. दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये तो एका फटक्याने हरला, तेही निकलॉसकडूनच. ही गोष्ट मात्र आमच्यात कोणी काढत नाही.

‘मागचे खोळंबलेत’ हे दुसरं कारण. मान्य, खोळंबा मलाही आवडत नाही. पण मग वेळ झुडपात वाचवा. हरवलेला चेंडू शोधायला २०१९पासून तीनच मिनिटं मिळतात. आम्ही दहा-दहा मिनिटं काठ्यांनी गवत चाळतो. चेंडू झाडीकडे गेल्यासारखा वाटला तर तिथल्या तिथे प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव चेंडू मारून ठेवावा, इतकं सोपं आहे. तीन फुटांच्या पटाला वीस सेकंद लागतात.

आणि ते खळगे! उंचावरून येणारा चेंडू ग्रीनवर आदळला की खळगा पडतो. तो बुजवायचा छोटा काटा प्रत्येकाच्या खिशात असतो, पण निम्मे लोक वाकत नाहीत. जे वाकतात त्यातले बरेच काटा खुपसून खालची माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तिथलं गवत वाळतं. काटा खळग्याच्या कडेला घालून माती चारही बाजूंनी मध्याकडे ढकलायची आणि वरून पटरने थापटायची. दहा सेकंदांचं काम. ते न केल्यामुळे माझा सरळ निघालेला चेंडू भोकाच्या तोंडाशी उडी मारून वळतो, आणि त्यावरही मला ऐकवलं जातं, ‘मान वर केलीस.’

‘मान वर केलीस’बद्दल तर मला फार बोलायचंय. चेंडूचा माथा लागला की हेच निदान. बहुतेक वेळा मान नंतर उठते. आधी वजन मागच्या पायावर राहिलेलं असतं, नाहीतर कोपर मुडपलेलं असतं. नवा माणूस हा सल्ला ऐकून मान इतकी घट्ट धरतो की खांदाच फिरत नाही. स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत आपल्या जोडीदाराखेरीज कोणाला खेळताना असा सल्ला दिला तर दोन फटक्यांचा दंड आहे. रविवारीही तेवढी जीभ आवरली तर खरंच बरं होईल.

सरावाचंही तसंच. रेंजवर आमच्यातला प्रत्येक जण बादलीभर चेंडू घेतो आणि सगळे ड्रायव्हरने, लांब फटक्याच्या काठीने, मारतो. अठरा होलमध्ये ड्रायव्हर फार तर चौदा वेळा निघतो. मी आता पहिल्या टीवर जायच्या आधी पंधरा मिनिटं सराव ग्रीनवर असतो. भोकाभोवती तीन फुटांवर चार चेंडू ठेवतो, चारही लागोपाठ गेले तरच हलतो. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तीन महिन्यांत माझ्या तीन पटांच्या होलची संख्या निम्म्यावर आली आहे. कार्डं जपून ठेवली आहेत, कोणीही बघावीत.

येत्या रविवारी कोणी ‘दिला’ म्हटलं तरी मी चेंडू उचलणार नाही. झेंडा काढायलाही थांबू नका, २०१९पासून तो भोकात ठेवून पट मारता येतो. फक्त माझ्या रेषेवर पाय देऊ नका आणि वीस सेकंद गप्प राहा.