खिडकीतून रुमाल

जव्हारच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली की खिडकीतून पहिला रुमाल टाकतो तो भावी डॉक्टर. पाठीवर सॅक, सॅकमध्ये फाइल, फाइलमध्ये एम.एस्सी.ची गुणपत्रिका, जात वैधता प्रमाणपत्र आणि दोन्हींच्या पाच-पाच झेरॉक्स. एसटीत त्याला जागा हमखास मिळते. अडतं ते उतरल्यावर.

पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो आणि मोखाड्याची हद्द ओलांडून नाशिक जिल्ह्यात शिरलं की पुणे विद्यापीठ लागतं. म्हणून हा सोमवारी ठाण्याकडे, गुरुवारी त्र्यंबकच्या रस्त्याने. दोन्हीकडे प्रश्न एकच : "सर, तुमच्याकडे जागा आहे का?"

सरांचाही इलाज नसतो. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायकाकडे चारच पीएचडीचे विद्यार्थी. कंडक्टर निदान उभे प्रवासी घेतो, गाइडला तीही सोय नाही. शिवाय आत बसलेल्याला सहा वर्षांची मुदत, वर दोन वर्षांची वाढ. मग हा कॉरिडॉरमध्ये जुन्या विद्यार्थ्यांना गाठतो आणि उभ्या प्रवाशाच्या आशेने विचारतो, "तुम्ही कुठे उतरणार?"

विषयाबाबत तो कमालीचा उदार आहे. वनस्पतिशास्त्राच्या सरांपुढे त्याला डाभोसा धबधब्याजवळच्या शेवाळात रस असतो, प्राणिशास्त्राच्या मॅडमपुढे ओहोळातल्या खेकड्यांत, आणि संख्याशास्त्राचं दार उघडं दिसलं तर नागलीच्या उताऱ्यात.

परीक्षा मात्र त्याच्याशी तितकी उदार नाही. २०२४च्या जूनमध्ये यूजीसीची नेट १८ तारखेला झाली आणि १९ला रद्द झाली. याची सीएसआयआरची नेट तर होण्याआधीच पुढे ढकलली गेली. ती जूनमध्ये झाली असती तर आपण नक्की निघालो असतो, असं तो आजही सांगतो. जेआरएफची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, हे घरी एकदाच बोलला. त्या रात्रीपासून मामांनी मुली बघायला घेतल्या.

घरची खरी अनुभवी मात्र आजी. १९९२मध्ये इथल्याच वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हापासून या डोंगरात प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची कमी नाही. कुपोषण, स्थलांतर, वारली चित्रं... आजीने सगळ्यांना चहा पाजलाय. तिसरा प्रश्न चालू असताना ती पाचव्याचं उत्तर देऊन मोकळी होते. किती जणांच्या प्रबंधात ती 'उत्तरदाती क्रमांक अमुक' म्हणून बसली आहे, कोण जाणे. तिला जागा मागावी लागली नाही.

परवा एक मॅडम ओटीवर बसून आजीला नागलीचं पीक विचारत होत्या. भावी डॉक्टर चहाचा कप घेऊन बाहेर आला, त्यांचा विषय ऐकला, गाइडचं नाव विचारलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही सबमिट कधी करणार?"

मॅडमनी मुदतवाढीचा अर्ज नुकताच दिला होता.