उशी, तिथी आणि भिशीचा दवाखाना

कढीपत्ता हवा तेवढा तोडा हो वहिनी, पण मघाशी काय म्हणालात ते परत सांगा. सुनेला 'नंतर' अर्धा तास कमरेखाली उशी घेऊन पडून राहायला सांगितलंत? कुणी दिला हा सल्ला? भिशीतल्या सुलूताईंनी? वाटलंच मला!

अहो, मी सूतिकागृहात सिस्टर होते. नोकरी संपली तरी बायका अजून या कुंपणाशी येऊन हळूच विचारतात, म्हणून सांगते. शुक्राणू उशीसाठी अडून बसत नाहीत. वर जाणारे काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडातून आत शिरतात. उठल्यावर थोडं बाहेर आलं की पोरी रडकुंडीला येतात, सगळं वाया गेलं म्हणून. तसं काही नसतं. लगेच उठून लघवीला गेली तरी बिघडत नाही, ती वाट वेगळी.

हळू बोलू? बरं. पण पुढचं जास्त लाजेचं आहे. पुष्कळ जणींना वाटतं, 'मला तसं सुख मिळालंच नाही, मग दिवस कसे राहणार?' हो, ऑर्गॅझमचंच म्हणतेय. त्या क्षणी गर्भाशय आकुंचन पावतं आणि शुक्राणूंना आत ओढून घेतं, असा एक जुना तर्क आहे. त्यानं दिवस राहायला मदत होते हे मात्र सिद्ध झालेलं नाही. अंडं आपल्या वेळी फुटतं, बाईला सुख मिळो न मिळो. आपल्या आज्यांना कुणी विचारलं होतं? तरी पाळणा हलतच होता ना!

पण म्हणून नवऱ्यांनी अंग काढून घेऊ नये हं. मूल होण्यासाठी बाईचं ते सुख लागत नसेल, संसाराला लागतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यात बाईच्या कामसुखाबद्दल उघड लिहिलं. वाचकांच्या शंकांना उत्तरं दिली म्हणून त्यांना कोर्टात खेचलं, आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आणि आपण अजून कुजबुजतोय!

आता तुमच्या त्या कॅलेंडरवरच्या लाल गोलाचं. चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो. अंडं फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदावा, ३५ दिवसांची असेल तर एकविसाव्याच्या आसपास. अंडं टिकतं जेमतेम १२ ते २४ तास, शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस कामाचे. अंगावरून तार सुटणारा, निसरडा स्राव जायला लागला की ते दिवस आले समजायचं.

काय? मुलानं तोपर्यंत 'साठवून' ठेवायचं? अजिबात नको. फार दिवस खंड पडला की शुक्राणूंची हालचाल मंदावते. त्या दिवसांत दिवसाआड जवळ आले तरी पुरे. रोज आले तरी चालतं. तारीख गाठायची म्हणून कामावरून दमून आलेल्या पोराला खोलीत ढकलायचं, याला काय अर्थ आहे?

आणि सम तिथीला मुलगा, विषम तिथीला मुलगी, हे तर माझ्यासमोर काढूच नका. कुठल्या कुशीवर झोपलं यानंही ठरत नाही. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा, एवढंच. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच राज्यानं १९८८ साली केला, आणि आपणच पंचांग उघडून बसायचं?

लग्नाला किती महिने झाले म्हणालात, आठ? मग एवढी घाई कशाची! धडधाकट जोडप्यांतल्या शंभरांपैकी ऐंशीहून जास्त जणींना वर्षभरात दिवस राहतात. तोपर्यंत फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करायला सांगा, आणि दर महिन्याला 'या खेपेला काय?' असं तोंडाकडे बघणं बंद करा. पाळी अनियमित असेल तर थांबू नका. एरवी वर्ष उलटलं, किंवा पस्तिशी ओलांडलेली असून सहा महिने झाले, की डॉक्टर गाठायचा.

मात्र एकट्या सुनेला पाठवू नका. सुरुवातीलाच मुलाची वीर्यतपासणी करून घ्या. साधी, बिनदुखणी असते ती. कितीतरी घरांत सुनेच्या सोनोग्राफ्या, नवस, उपास सगळं उरकतं आणि दोष शेवटी मुलाच्या रिपोर्टात निघतो. जोडीनं प्रयत्न, तर जोडीनंच तपासणी. हे भिशीतही सांगा, आणि सुलूताईंना तर आधी सांगा.