साडूभाऊंचा आठवडा

ऐन जुलैत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहायला जागा मिळते, यात नवल काहीच नाही. नवल असलंच तर ती मिळाल्याचा आनंद होण्यात आहे. तिथले ऐपतदार लोक उन्हाळा लागला की गाड्या भरून सॅन डिएगोच्या समुद्राकडे पळतात. किनाऱ्यावरची मंडळी त्यांना ‘झोनी’ म्हणत नाकं मुरडतात आणि त्यांच्याच पैशांवर हंगाम साजरा करतात. ते इकडे येत असताना आम्ही दोघं मात्र लॉस एंजलिसचं समुद्रावरचं वारं सोडून तिकडे निघालो होतो. कारण स्कॉट्सडेलमधला स्वयंपाकघरासकटचा एक ऐसपैस फ्लॅट आठवडाभर आमचा होता. आमचा म्हणजे साडूभाऊंचा. साडूभाऊंचा म्हणजे तसा त्यांचाही नव्हे. पण ते जरा बैजवार सांगायला हवं.

साडूभाऊ न्यू जर्सीत राहतात. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात एका रिसॉर्टचा वर्षातला एक आठवडा त्यांच्या मालकीचा आहे. घर नव्हे, खोली नव्हे, आठवडा. तोही एप्रिलचा पहिला. त्या दिवसांत तिथल्या बर्फाचा चिखल झालेला असतो आणि झाडांना पालवी फुटायची असते. स्कीवाले परतलेले असतात आणि तळ्यात डुंबणारे अजून यायचे असतात. साडूभाऊंनी हा आठवडा हौसेनं घेतला आणि तितक्याच हौसेनं ते तिथे जायचं टाळतात. आठवडा अदलाबदलीच्या कंपनीकडे जमा करायचा आणि त्या बदल्यात दुसऱ्या कुणाचा, दुसरीकडचा आठवडा पदरात पाडून घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. पण बाजारात चिखलाला भाव तो कितीसा? पूर्वी या धंद्यात आठवड्यांना रंग असत. लाल म्हणजे भर हंगामाचा, पांढरा मधला, निळा पडता. आता बऱ्याच ठिकाणी रंग जाऊन पॉइंट आले, तरी चिखल तो चिखलच. साडूभाऊंच्या निळ्या आठवड्यात नाताळातलं हवाई बसत नाही. जुलैतलं अ‍ॅरिझोना बसतं.

शिवाय जमा केलेल्या आठवड्याला मुदत असते. यंदा ती संपत आली होती आणि साडूभाऊंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. म्हणून त्यांनी पाहुण्याचं सर्टिफिकेट काढून तो आठवडा आमच्या नावावर केला. त्या सर्टिफिकेटची फी कुणी द्यायची यावरून आम्हा साडूंमध्ये फोनवर जो प्रेमळ तंटा झाला तो शेवटी दोघी बहिणींनी मिटवला. किती रुपयांत, म्हणजे डॉलरांत, ते आम्हा दोघांनाही अद्याप कळवण्यात आलेलं नाही.

एका जागेचे बावन्न तुकडे करून विकायची अक्कल मूळची युरोपातली. 1963 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘हापिमाग’ निघाली, पुढे फ्रेंच आल्प्समध्ये एका स्की-गावानं ती कल्पना उचलली, आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेत तिला ऊत आला. मग मालकांच्या ध्यानात आलं की दरवर्षी त्याच खिडकीतून तोच डोंगर किती म्हणून बघायचा! यावर तोडगा म्हणून 1974 मध्ये इंडियानापोलिसच्या डी’हान दांपत्यानं ‘आरसीआय’ काढली: तुझा आठवडा याला, याचा तिला, तिचा तुला. दोन वर्षांत ‘इंटरव्हल इंटरनॅशनल’ही उभी राहिली.

मला यात परकं काही वाटत नाही. गावाकडे चार भावांच्या सामायिक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात. धाकट्याच्या वाट्याला नेमकी वीज नसलेली रात्र येते. तो ती थोरल्याशी बदलून मागतो. थोरला ‘बघू’ म्हणतो. फरक इतकाच की विहिरीचा गाळ काढायची वेळ आली की एखादा भाऊ बायकोच्या माहेरी निघून जाऊ शकतो. इथे मेंटेनन्सचं बिल माणूस जावो न जावो, दरवर्षी येतं, आणि येताना थोडं वाढूनच येतं.

तर आम्ही निघालो. आय-10 हा महामार्ग, जेमतेम चारशे मैल. मागच्या सीटवर कुकर, पोळपाट-लाटणं, चिवड्याचा डबा आणि पाण्याचे कॅन. बायको नागपूरची. फिनिक्सचं तापमान फोनवर त्रेचाळीस दिसल्यावर ती म्हणाली, “बाप्पा! याले ऊन म्हणतात का?” 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस दुपारचा पारा 110 फॅरनहाइटच्या, म्हणजे याच त्रेचाळिसाच्या, खाली राहिला नव्हता, ही माहिती मी तिला दिली. तिनं ती रात्रीचं किमान किती होतं असं विचारून निकालात काढली.

काबाझोनचे काँक्रीटचे डायनोसॉर उजेडात आणखीच खोटे दिसले, पवनचक्क्यांची खिंड ओलांडली, आणि इंडिओला खजुराच्या बागेपाशी थांबलो. ‘शील्ड्स’ची ही बाग 1924 पासूनची. तिथे एक फिल्म फुकट दाखवतात. तिचं नाव ‘खजुराचा प्रणय आणि कामजीवन’ अशा थाटाचं आहे. मी पाटीपाशी घुटमळलो. सौ. म्हणाली, “चला हो आत, गार आहे.” आत शृंगार बेताचाच होता. खजुरीत नर वेगळा, मादी वेगळी. वाऱ्याच्या भरवशावर बसलं तर फळ हाती लागायचं नाही, म्हणून माणसं शिड्या लावून नराचा पराग मादीच्या फुलोऱ्यावर हातानं नेऊन घालतात. एवढ्या उंचीवर, एवढ्या उन्हात, दुसऱ्याच्या संसारासाठी! बाहेर येऊन खजुराचा शेक घेतला. तो चमच्यानं खावा लागतो.

हा मेजूल खजूरही इथला नव्हे. मोरोक्कोत खजुरीवर रोग पडला होता. 1927 मध्ये तिथून 11 फुटवे अमेरिकेत आणले, नेवाडात काही वर्षं वेगळे ठेवले, त्यांतले नऊ जगले आणि ते पुढे इंडिओला आले. अमेरिकेत आज जो मेजूल पिकतो तो बहुतेक सगळा या नवांच्या गोतावळ्यातला. गावाशेजारच्या वस्तीचं नाव मक्का आहे. हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं होतं, की या वाळवंटात अदलाबदलीनं आलेले आम्हीच काही पहिले नव्हतो.

पुढे चिरियाको समिटचा चढ. एसी बंद करा, इंजिन तापेल, अशी पाटी. वर जनरल पॅटनचं म्युझियम आहे आणि बाहेर रणगाडे उन्हात तापत उभे असतात. 1942 मध्ये पॅटननं या भागात सैन्य आणून तालीम दिली, कारण लढायचं होतं उत्तर आफ्रिकेत. सहाराच्या जागी बदली वाळवंट म्हणून हे कामाला आलं. एका रणगाड्याला मी सहज हात लावला आणि तो तितक्याच सहज मागे घेतला.

डेझर्ट सेंटर हे गाव म्हणावं असं आता काही उरलेलं नाही. बंद पडलेला पेट्रोलपंप आणि वाळलेल्या ताडांच्या रांगा. पण 1933 मध्ये सिडनी गारफील्ड नावाच्या तरुण डॉक्टरनं याच्या जवळ बारा खाटांचं इस्पितळ बांधलं होतं. कोलोराडो नदीचं पाणी लॉस एंजलिसकडे नेणाऱ्या कालव्यावर हजारो मजूर होते. इस्पितळ बुडायला आलं, तेव्हा तोड निघाली ती अशी: कामावरच्या दुखापतींसाठी विमा कंपनीनं दर मजुरामागे रोज पाच सेंट आगाऊ द्यायचे, आणि इतर आजारांसाठी मजुरानं स्वखुशीनं आणखी पाच. कोणी आजारी पडो न पडो, पाच सेंट जायचेच. मग डॉक्टरचा फायदा कशात? कोणी न पडण्यात. त्यामुळे हा गृहस्थ कामावर जाऊन फळ्यांतले बाहेर आलेले खिळे ठोकवून घेऊ लागला. यातूनच पुढे ‘कैझर पर्मनेन्टे’ ही अवाढव्य आरोग्यसंस्था उभी राहिली. आधी पैसे द्या, मग देव करो आणि वापरायची वेळ न येवो, हा व्यवहार मला पटतो. टाइमशेअरमध्ये वापरायची वेळ यावी म्हणून देव पाण्यात ठेवावे लागतात.

ब्लाइथला नदी ओलांडली की अ‍ॅरिझोना. वीस मैलांवर क्वार्ट्‌झसाइट. हिवाळ्यात इथे मोटारघरांची मोठी जत्रा भरते. जुलैत आम्ही आणि एक कुत्रा. कुत्राही सावलीतून उठला नाही. आम्हाला बघायची होती ती हाय जॉलीची समाधी. कब्रस्तानात एक छोटा पिरॅमिड आहे, दगडगोट्यांचा आणि अश्मीभूत लाकडाच्या तुकड्यांचा, आणि त्याच्या टोकाला पत्र्याचा उंट. ऑटोमन साम्राज्यातून आलेला हाजी अली. अमेरिकन जिभेवर त्याचा ‘हाय जॉली’ झाला. नैर्ऋत्येकडच्या रखरखाटात सामान वाहायला उंट बरे, असं तेव्हाचा युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस याला वाटलं. 1855 मध्ये काँग्रेसनं 30,000 डॉलर मंजूर केले आणि पुढच्या वर्षी टेक्सासच्या किनाऱ्यावर उंट उतरले, त्यांच्याबरोबर त्यांना हाकणारे. उंटांनी काम चोख केलं. पण खेचरं त्यांना बघून बुजायची आणि खेचरवाल्यांनाही ते डोळ्यांसमोर नको असत. त्यात यादवी युद्ध पेटलं, डेव्हिसच फुटून पलीकडे गेला, आणि उंट लिलावात निघाले. काही मोकळे सुटले. हाजी अली मात्र इथेच राहिला आणि 1902 मध्ये इथेच गेला. पत्र्याच्या उंटाची सावली पिरॅमिडच्या दगडांवर जेमतेम वीतभर पडली होती. सौ.नं त्या वितीएवढ्या जागेकडे आशेनं पाहिलं आणि आम्ही गाडीत बसलो.

स्कॉट्सडेलला पोचलो तो चारचा ठोका. चारच्या आत आठवडा सुरू होत नाही. काउंटरवरच्या मुलीनं किल्ली दिली, पार्किंगचा पास दिला, आणि नव्वद मिनिटांची ‘छोटीशी माहिती’ ऐकलीत तर शंभर डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळेल असंही गोड आवाजात सांगितलं. फ्लॅट झकास. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलेली: वाइनचे ग्लास आठ, मार्टिनीचे चार, बर्फाचा चिमटा एक, पिझ्झा कापायचं चाक एक. चहाचं गाळणं नाही. चार माणसांचा भात मावेल असं पातेलंही नाही. ही यादी करणारा माणूस सुट्टीत जेवत नसावा.

माहिती ऐकायला गेलो. मुलगा चुणचुणीत होता. तुम्ही वर्षाला सुट्टीवर किती खर्च करता, त्याला वीस वर्षांनी गुणलं तर किती, असं त्यानं कागदावर उलटं लिहून दाखवलं, म्हणजे आम्हाला सुलटं दिसावं. ही कला मला फार आवडली. सौ.नं मात्र तिच्या माहेरच्या पद्धतीनं उलटतपासणी आरंभली. मेंटेनन्स दरवर्षी किती वाढतो? विकायचा झाला तर कोण घेतं? आम्ही गेल्यावर काय? शेवटच्या प्रश्नावर तो खुलला. “तीच तर गंमत! हे तुमच्या मुलांकडे जातं, कायमचं.”

“मुलांनी काय वाकडं केलंय आमचं?” सौ. म्हणाली. हे तिनं मराठीत म्हटलं, पण त्याला कळलं असावं. नव्वदाव्या मिनिटाला कार्ड मिळालं.

साडूभाऊंचा रोज संध्याकाळी फोन. “पूल कसा आहे? आपल्या बाल्कनीतून डोंगर दिसतो का?” माणूस गुडघ्याला बर्फ लावून बसला होता आणि आठवडा त्याचा तिथेच चालला होता. पूल सकाळी साडेपाचला छान असायचा. दुपारी त्याचं कढण व्हायचं. त्यामुळे दुपारी पडदे ओढून नागपूरच्या आणि तिथल्या कूलरच्या गोष्टी. 1930च्या दशकात अ‍ॅरिझोनातली घरं अशाच कूलरनी गार व्हायला लागली: लाकडाच्या बारीक तासांचे पॅड, वरून झिरपणारं पाणी, मागे पंखा. हे वाचून दाखवल्यावर सौ.ला या राज्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. “आणि पावसाची हवा झाली की चिकचिक होत असेल,” ती म्हणाली. तसंच होतं. जुलैत इथेही मान्सून येतो, लोक त्याला मान्सूनच म्हणतात, आणि कूलर हात टेकतो. एका संध्याकाळी धुळीची भिंत उठली, मागून चार थेंब आले, आणि ओल्या क्रिओसोटच्या झुडपांचा उग्र वास खोलीभर झाला. सौ.नं त्याच मुहूर्तावर भजी तळली, मार्टिनीच्या ग्लासांतून चटणी दिली.

परतीच्या आदल्या रात्री मात्र सगळ्यात कढीपत्ता. वरणात, बटाट्याच्या भाजीत, ताकात, उरलेल्या चिवड्यावर नवी फोडणी देऊन त्यात. कारण मी तिला नियम सांगितला होता. कॅलिफोर्नियात शिरताना ब्लाइथपाशी कृषीखात्याची चौकी आहे. लिंबू-संत्र्यांच्या बागा उजाड करणारा रोग एका चिमुकल्या किड्याबरोबर फिरतो आणि तो किडा कढीपत्त्यावर सुखानं नांदतो. चँडलरच्या भारतीय दुकानातून आणलेली हिरवीगार जुडी टाकून द्यायची कल्पना नागपुरी मनाला झेपणारी नव्हती.

चौकीवरचा माणूस खिडकीशी वाकला. फळं, भाज्या, रोपं काही?

“नाही,” मी म्हणालो.

“कढीपत्ता आहे,” सौ. पलीकडून म्हणाली, “पण चिवड्यात.” आणि झाकण उघडून डबा पुढे केला. तो थोडा वेळ आत बघत राहिला. तळून काळी-हिरवी झालेली पानं, शेंगदाणे, डाळं.

“तळलेलं चालतं,” तो म्हणाला आणि आम्हाला पुढे जायची खूण केली.

“घ्या ना थोडा,” सौ. म्हणाली. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली होती.