मूळ प्रतीचे मुखत्यार
‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे सायमन आणि गारफंकल यांचे गीत २०१५ साली ‘डिस्टर्ब्ड’ या रॉक बँडने पियानोच्या साथीने आरंभून गर्जनेपर्यंत चढविले, तेव्हा त्याच्या पावित्र्याचे वकीलपत्र परस्पर घेतलेल्या जुन्या रसिकांनी जी फिर्याद गुदरली, तिच्यात एवढीच बाब दप्तरी दाखल व्हायची राहिली की, ज्या ध्वनिमुद्रिकेसाठी हे उसासे, तिच्यावर विद्युत्-गिटार आणि ड्रम १९६५ साली टॉम विल्सन या निर्मात्याने खुद्द गायकांना न विचारताच चढविले होते. १९६४ ची निराभरण प्रत बाजारात आली, तेव्हा तिला फारसे कुणी पुसले नव्हते. ते मौन मात्र अस्सल! पॉल सायमनने तर नव्या गायनाची तारीफ केली. परंतु कर्त्याचीच साक्ष ग्राह्य धरण्याइतके हे न्यायासन अद्याप नरमलेले नाही.