दात मोजून अल्बम

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून वय सांगणारे जाणकार चहाच्या टपरीवर संगीताचेही जाणकार होतात. परवा विषय होता, मराठीतला सर्वांत भारी अल्बम कोणता.

पहिली बोली 'सैराट'ची (२०१६). "गाणी चारच, त्याला काय अल्बम म्हणता?" एक धोतरवाले आजोबा गुरगुरले. "चार असली तरी वाजाप थेट अमेरिकेत झालंय, लॉस एंजेलिसला!" म्हणजे बैल गावरान, पण झूल इम्पोर्टेड. आजोबांनी 'गीतरामायण' काढलं: १९५५, पुणे आकाशवाणी, छप्पन्न गाणी. संख्येपुढे पोरं गप्प. मग कुणीतरी राम कदमांचा 'पिंजरा' मधे सोडला आणि आजोबांचंच मन डळमळलं. (रामायणावरून तमाशावर यायला त्यांना अर्धा कप चहा लागला.)

आपल्याला हसू नका. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकानं २००३ साली बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला पहिला नंबर दिला. २०२० साली तोच अल्बम चोविसावा, आणि पहिला मार्विन गे. मधल्या काळात अल्बमनं एक सूरही बदललेला नव्हता. आमच्याकडे निदान उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, तो सतरा वर्षांनी कुणी फिरवत नाही.

निकाल लागणार तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॉली दोन, स्पीकर चार, पेनड्राइव्ह एक आणि त्यात गाणंही एकच. आजोबा ओरडून काहीतरी सांगत होते. ओठ तेवढे हलताना दिसले.