मार्क दोन, मार्क तीन आणि एक पेटीवाला

डीप पर्पलच्या दोन चाहत्यांना समोरासमोर बसवलं की पाच मिनिटांत आकडे सुरू होतात. एक म्हणतो मार्क दोन. दुसरा म्हणतो मार्क तीन. मार्क चारचं नाव निघालं की दोघंही नाक मुरडतात आणि लगेच अस्वस्थ होतात, कारण एकमताची त्यांना सवय नाही.

आकड्यांची भानगड अशी. १९६८ साली इंग्लंडात हर्टफर्डला सुरू झालेल्या या बँडमधली माणसं इतक्या वेळा बदलली, की प्रत्येक संचाला क्रमांक देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पहिल्या संचात गायला रॉड एव्हन्स. १९६९ मध्ये तो गेला, इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले. हा मार्क दोन. १९७३ मध्ये ते दोघं गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूझ आले. हा मार्क तीन. १९७५ मध्ये गिटारवाला रिची ब्लॅकमोरच उठून गेला, अमेरिकेचा टॉमी बोलिन आला, मार्क चार. १९७६ मध्ये दुकानच बंद. १९८४ मध्ये मार्क दोनची मंडळी पुन्हा एकत्र आली. आता हा मार्क दोनच, की मार्क दोन ‘ब’? या प्रश्नावर मैत्र्या तुटलेल्या आहेत. पुढे जो लिन टर्नर गायला आला, गेला. गिलन परत आला. १९९३ च्या नोव्हेंबरात ब्लॅकमोर चालू दौऱ्यातून निघून गेला, तेव्हा जो सॅट्रियानीने काही महिने किल्ला लढवला. त्याने बँडबरोबर स्टुडिओत एकही अल्बम केला नाही. मग त्याला आकडा द्यायचा की नाही? दिला तर स्टीव्ह मॉर्स सातवा, नाही दिला तर सहावा. आयकर विवरणपत्र मुदत उलटल्यावर भरणारी माणसं हा हिशेब मात्र तोंडपाठ सांगतात.

वाद बाहेरून संगीताचा दिसतो. प्रत्यक्षात तो वारसाहक्काचा आहे, आणि वडिलोपार्जित मिळकत म्हणजे रिची ब्लॅकमोर.

मार्क दोनवाला हा या पंथातला कर्मठ. त्याच्या मते संगीत १९७० च्या ‘इन रॉक’पासून सुरू झालं आणि १९७२ च्या ‘मेड इन जपान’ला पूर्णत्वास गेलं. त्यानंतर जे झालं ते जगाने उगाच केलं. मार्क तीनवाला जरा रंगेल. त्याला ‘बर्न’मध्ये कव्हरडेल आणि ह्यूझ एकमेकांवर चढाओढीने गातात ते आवडतं, आणि १९७४ च्या कॅलिफोर्निया जॅममध्ये ब्लॅकमोरने टीव्हीवाल्यांच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली तो प्रसंग तो स्वतः तिथे उभा असल्यासारखा सांगतो. (त्या दिवशी तो बहुधा जन्मलाही नव्हता.) बोलिनवाला नेहमी एकटा असतो. ‘कम टेस्ट द बँड’ हा चांगला अल्बम आहे, हे त्याचं म्हणणं खरंही आहे. पण ते ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. मॉर्सवाला सहसा स्वतः गिटार शिकणारा. तो भावनेबद्दल बोलत नाही, बोटांबद्दल बोलतो. आणि पहिल्या संचाचा कैवारी? तो एखादाच असतो, त्याला बसायला खुर्ची द्यावी आणि विषय बदलावा.

मॉर्सवर झालेला अन्याय मात्र नोंदवायलाच हवा. ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा धरल्या तर तो बँडमध्ये साधारण सोळा-सतरा वर्षं होता. मॉर्स १९९४ ते २०२२, म्हणजे २८ वर्षं. आजारी पत्नीजवळ राहण्यासाठी त्याने बँड सोडला, त्या दिवसापर्यंत कर्मठ मंडळी त्याला ‘तो नवीन मुलगा’च म्हणत होती. आपल्याकडे सून पंचवीस वर्षांनी सासू होते. मॉर्सला तेवढंही साधलं नाही.

२०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमवाल्यांनी आठ जणांना सन्मान दिला. त्यात सुरुवातीचा, जेमतेम दीड वर्षाचा गायक रॉड एव्हन्सही होता. मॉर्स नव्हता, बोलिन नव्हता. ज्याच्यासाठी हा सगळा तंटा, तो ब्लॅकमोर समारंभाला आलाच नाही. तो तेव्हाही नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या संसारात सुखी होता: अंगावर मध्ययुगीन थाटाचे कपडे, हातात मँडोला, शेजारी गाणारी बायको. ज्या माणसाने परतीची वाट स्वतः बुजवली, त्याच्या परतण्याची वाट बघणं हाच या पंथातला सर्वांत जुना उपास आहे.

याच रॉड एव्हन्सने १९८० मध्ये आणखी एक गंमत केली होती. मूळ बँड बंद पडलेला. त्याने भलत्याच वादकांना गोळा करून ‘डीप पर्पल’ नावाने कार्यक्रम लावले. लोक आले, त्यांनी ऐकलं आणि ते खवळले. प्रकरण कोर्टात गेलं, एव्हन्स आणि मंडळींवर ६ लाख ७२ हजार डॉलरचा बोजा पडला. डीप पर्पल कोणाला म्हणावं या वादाचा हा एकमेव लेखी निकाल. चाहत्यांनी तो कधीच मनावर घेतला नाही, कारण निकाल लागला तर रविवार कसा काढायचा?

आता मुद्द्याचं. हे सगळे गिटारच्या खुर्चीसाठी भांडतात आणि आवाज निघत होता शेजारच्या खुर्चीतून.

जॉन लॉर्ड. लेस्टरचा माणूस, लहानपणापासून शास्त्रोक्त पियानो शिकलेला. त्याच्यापुढे हॅमंड ऑर्गन, एकट्याने जागचं हलवता येणार नाही असं लाकडी धूड. हॅमंडला सहसा लेस्ली नावाचा फिरत्या शिंगाचा स्पीकर जोडतात. त्यातून आवाज लहरत, थरथरत येतो. चर्चमध्ये शोभतो, जॅझमध्येही शोभतो. लॉर्डने तो आवाज गिटारवाल्यांच्या मार्शल अॅम्प्लिफायरमध्ये घातला. ऑर्गन खरखरायला लागला, गुरगुरायला लागला. इतका, की गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो हे भल्याभल्यांना कळेनासं झालं.

‘स्पेस ट्रकिन’ची ती सुरुवातीची दणकट धून लोक हवेत गिटार धरून वाजवतात. वाजतोय ऑर्गन. ‘लेझी’ची सुरुवात ऑर्गन. ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ची सुरुवात ऑर्गन. ‘हायवे स्टार’मध्ये आधी ऑर्गनचा सोलो आहे, मग गिटारचा, पण तोंडाने ‘डिडिडिडी’ करत म्हणून दाखवतात तो फक्त दुसरा. पहिला चालू असताना चाहते सहसा गाडीचा गिअर बदलत असतात.

आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’. जगातल्या कोणत्याही वाद्यांच्या दुकानात शिरा, कोणीतरी कोपऱ्यात ते चार सूर छेडत असतो, आणि बहुतेक वेळा चुकीचे छेडत असतो. ब्लॅकमोर ते प्लेक्ट्रमने वाजवत नाही. दोन तारा बोटांनी एकदम उचलतो, त्यातलं अंतर चौथ्या सुराचं, पाचव्याचं नव्हे. हे ज्ञान देण्यासाठी मॉर्सवाला जन्माला आलेला असतो. पण तोही पुढचं सांगत नाही: गिटारने ती ओळ एकदा म्हटली की लॉर्डचा ऑर्गन त्याच मार्शलमधून तीच ओळ तिच्याबरोबर म्हणू लागतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गिटारओळीचं वजन निम्मं ऑर्गनचं आहे. हे वाक्य दुकानात मोठ्याने म्हणू नये.

गाण्याची कथा तर सगळ्यांना पाठ. ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रू. फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. पर्पलला तिथेच रेकॉर्डिंग करायचं होतं. शेवटी एका रिकाम्या ग्रँड हॉटेलच्या व्हरांड्यात गाद्या लावून, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ बाहेर उभा करून ‘मशीन हेड’ झाला. चार डिसेंबरची तारीख या कंपूच्या मागेच लागली आहे: टॉमी बोलिन गेला ४ डिसेंबर १९७६ ला, पंचवीस वर्षांचा, झॅपा गेला ४ डिसेंबर १९९३ ला. यातून काही सिद्ध होत नाही. पण चाहत्याला सांगून बघा, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्याला मार्क चारही क्षणभर आवडतो.

आपल्याकडे संगीत नाटकांच्या आठवणी निघाल्या की गायक-नटांची नावं पुढे येतात, शालू-शेले पुढे येतात, पेटीवर कोण होतं हे कोणी विचारत नाही. गोविंदराव टेंबे लक्षात राहिले, कारण पेटी वाजवता वाजवता त्यांनी ‘मानापमान’ला चालीही दिल्या. लॉर्डनेही तोच मार्ग धरून पाहिला. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि बँड यांना एकत्र बसवून स्वतःची अख्खी रचना वाजवली. ब्लॅकमोरला हा वाद्यवृंदाचा थाट मानवेना. त्याला दणका हवा होता. त्या तणावातून पुढच्याच वर्षी ‘इन रॉक’ आला. मुखपृष्ठावर रशमोर पर्वतात पाच चेहरे कोरलेले. चाहत्यांनी त्यातला एकच पाहिला.

माझं मत विचाराल तर मार्क दोन, १९७० ते ७२, आणि त्याबद्दल मला काहीही लाज नाही. मात्र कारण वेगळं. त्या तीन वर्षांत गिटार आणि ऑर्गन एकमेकांना खाऊ की गिळू करत होते, आणि दोघांपैकी कोणालाही जिंकू न देण्याची जबाबदारी ड्रमवरच्या इयन पेसने घेतली होती. पेस हा आजवरच्या प्रत्येक संचात असलेला एकमेव माणूस. म्हणूनच त्याच्याबद्दल कोणी भांडत नाही. मार्क तीनमध्ये ‘बर्न’ हे शीर्षकगीत सोन्यासारखं, पण वर्षअखेरीस आलेल्या ‘स्टॉर्मब्रिंगर’पर्यंत ह्यूझ आणि कव्हरडेल फंककडे झुकले होते, ब्लॅकमोर दाराकडे. १९९० च्या ‘स्लेव्ह्ज अँड मास्टर्स’वर बोलायचं झालं तर वेगळा अंक काढावा लागेल, आणि तो कोणी विकत घेणार नाही.

मुंबईकरांना या वादात खास जागा आहे, आणि ती त्यांना माहीत नाही. ‘चाइल्ड इन टाइम’ हे गाणं कर्मठांचा वेद. त्याची सुरुवातीची, तळहातावर दिवा घेऊन चालल्यासारखी येणारी धून ऑर्गनवर आहे, हे एक. दुसरं, ती धून त्यांची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या १९६९ च्या एका वाद्यरचनेवरून ती उचलली आहे, आणि त्या रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. गिलनने हे उघडपणे सांगितलेलं आहे. समोरच्या बँडनेही मग पर्पलची एक चाल स्वतःच्या गाण्यात वापरून परतफेड केली. कोर्टकचेरी झाली नाही. आपल्या संगीतकारांना चाली उचलल्याबद्दल बोल लावताना हा वेद बाजूला ठेवावा लागतो.

मग ८ एप्रिल १९९५ ला पर्पल खरोखरच मुंबईत येऊन वाजवून गेलं. मॉर्सला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते, त्याच्याबरोबरचा पहिला अल्बम यायला आणखी वर्ष होतं. त्या कार्यक्रमाची चित्रफीत पुढे बाजारात आली, तिचं नावही ‘बॉम्बे कॉलिंग’. म्हणजे मॉर्सच्या २८ वर्षांतला एक अगदी सुरुवातीचा दस्तऐवज आपल्या गावचा आहे. ऑर्गनवर लॉर्ड आहे. तरी त्या कार्यक्रमाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न एकच: ‘ब्लॅकमोर नव्हता ना?’

नव्हता. आणि २००२ मध्ये लॉर्डही निवृत्त झाला, २०१२ च्या जुलैत गेला. या बँडचा आवाज खरा बदलला तो त्या २००२ मध्ये. पण त्या वर्षी पंथात फूट पडली नाही, कोणी ‘आता ऐकणार नाही’ अशी शपथ घेतली नाही. त्याच्या जागी डॉन एअरी आला. तो पूर्वी ब्लॅकमोरच्याच ‘रेनबो’त होता, त्यामुळे सोयरीक जुळली असं धरून सगळे पुन्हा मॉर्सच्या बोटांकडे वळले.

सध्या गिटारवर सायमन मॅकब्राइड आहे, उत्तर आयर्लंडचा, ‘मशीन हेड’नंतर सात वर्षांनी जन्मलेला. त्याच्यासह २०२४ मध्ये एक अल्बम आला आणि वाद ताजा झाला: ‘हायवे स्टार’चा सोलो त्याने ब्लॅकमोरसारखा सुरासूर वाजवावा, की स्वतःचा वाजवावा? तसाच वाजवला तर नक्कल, वेगळा वाजवला तर उद्धटपणा. या चर्चेत कधी शिरावंसं वाटलं तर समोरच्याला मधेच सांगा, की डॉन एअरी या बँडमध्ये ब्लॅकमोरपेक्षा जास्त वर्षं आहे. तो आधी ‘छे’ म्हणेल, मग बोटांवर मोजेल, दोनदा मोजेल, आणि मग घसा खाकरून पुन्हा मॅकब्राइडवर येईल.