सात लेमन सेट आणि एक पासवर्ड

आमच्या लग्नात आहेरात सात लेमन सेट आले होते. "असू देत, लागतात कधीतरी," म्हणत आईने सातही माळ्यावर चढवले. मी त्याच घरात वाढलेला, तेव्हा माझ्या लॅपटॉपवर मुलीच्या बारशाचे फोटो पाच ठिकाणी आहेत यात नवल नाही: 'बारसं', 'बारसं नवीन', 'बारसं फायनल', 'बारसं खरंच फायनल' आणि 'इकडचं तिकडचं'. पाचही एकाच डिस्कवर. दिवाळीनंतर ती डिस्क खरखरू लागली, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, रेस्टिक टाक." मला ते पोटाचं औषध वाटलं.

रेस्टिक हा बॅकअपचा फुकट प्रोग्रॅम. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या. आधी 'रेस्टिक इनिट', म्हणजे बाहेरच्या डिस्कवर कोठार बांधायचं. लगेच तो पासवर्ड विचारतो. मी टाइप करतोय, पण पडद्यावर टिंबही उमटेना. कीबोर्ड बिघडला असं समजून मी बोटं आपटली. "ते दिसतच नाही रे मामा," भाचा म्हणाला. पासवर्ड दोनदा विचारतात, आणि माझं स्वतःशी एकमत व्हायला आठ खेपा लागल्या. मग रेस्टिक बजावतो: पासवर्ड हरवला तर माल कायमचा गेला. इथे ओटीपी नाही, आणि आधारची झेरॉक्स घेऊन मॅनेजरला भेटायचीही सोय नाही. प्रत्येक तुकडा एईएस-२५६ चं कुलूप लागूनच कोठारात जातो. चोराने डिस्क नेली तरी त्याच्या पदरी नुसता कचरा.

खरी गंमत 'रेस्टिक बॅकअप' म्हटल्यावर. फायलींचे तुकडे होतात, सरासरी १ एमबीचे. पण शंकरपाळ्यांसारखे कातण्याने एका मापाचे नव्हेत. कुठे कापायचं ते आतला मजकूर बघून ठरतं. त्यामुळे मधे दोन ओळी घुसडल्या तरी पुढचे तुकडे बहुतेक तेच राहतात. मग प्रत्येक तुकड्याला खूण. आपण भांड्यांवर नाव घालतो ना, तसंच. फक्त हे नाव भांड्याच्या घडणीतूनच निघतं, म्हणून हुबेहूब दोन भांड्यांवर एकच नाव येतं. ते नाव कोठारात आधीच असलं, की दुसरं भांडं आत घेत नाहीत, नुसती नोंद करतात. माझा ४० जीबीचा पसारा ८ जीबीत मावला. परत मागितलं की मात्र पाचच्या पाच फोल्डर मिळतात. हे आईला पटलं असतं.

"आता रोज घेत जा," भाचा म्हणाला. मी महिन्यावर तडजोड केली. (३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो म्हणे. ज्याने तारीख ठरवली त्याने कधी मार्चअखेर पाहिलेली नसावी.)

जानेवारीत दुसऱ्या बॅकअपला बसलो. पासवर्ड? तो मी डिसेंबरच्या पानावर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिला होता. भिंतीवर नवं कालनिर्णय.

"जुनं कुठाय?"

"मसाल्याच्या फळीवर. कागद बदलायचे होते ना."

सोळा डबे खाली उतरवले. पान सापडलं, पण हळदीचा डाग नेमका एका अक्षरावर. शून्य की ओ? आधी ओ करून पाहिला. नाही. शून्य टाकलं आणि कोठार उघडलं. एरवी मी ज्या डागावरून बोललो असतो, तो डाग मी मुकाट्याने पुसला.

भाच्याने फोनवरच उपाय सांगितला: 'रेस्टिक की ॲड'. एका कोठाराला अनेक पासवर्ड देता येतात आणि त्यांतला कुठलाही एक चालतो; बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्या एकदम लागत नाहीत. बायको खुर्ची ओढून बसली, मला पाठ फिरवायला सांगितलं आणि पहिल्याच खेपेला दोन्ही वेळा बिनचूक टाइप करून उठली.

काय टाइप केलं, ते तिने अजून सांगितलेलं नाही.